घट्ट करायचं नाही

युनियनच्या ऑफिसात मी आधी फोन केला होता.
चौतीस वर्षं वर्गणी भरलेला माणूस
असल्या गोष्टीत अंदाजाने पाऊल टाकत नाही.
फोनवर मर्ना, चार अध्यक्षांना पुरून उरलेली.
म्हणाली, "डेल, पाइप विकलास तर चालेल.
जोडलास, तर तास धरावे लागतील,
आणि महिन्यात चाळीस भरले
की त्या महिन्याचा चेक विसर."
मग जरा थांबून,
"वीक खुशाल. घट्ट करू नकोस."

तर मी विकतो.
डुलुथच्या चढावरचं हार्डवेअरचं दुकान,
सात नंबरची रांग, लाल बंडी,
बंडीवर माझं नाव, नावाखाली 'विचारा मला'.
लोक विचारतात.
काल एक बाई फोनमधला फोटो घेऊन आली,
सिंकखाली बादली, बादलीत तिचा सगळा रविवार.
हात शिवशिवले.
मी हवेतच पाना धरला, हवेतच फिरवून दाखवला,
इथवर, आणि मग आणखी इतकंच.
हवेतल्या कामाचे तास
अजून तरी कोणी धरत नाही.

लोरेन म्हणते, घर काय खायला उठलं होतं तुला?
उठलंच होतं.
पहिल्या हिवाळ्यात घरातल्या सगळ्या रेडिएटरांची हवा
मी तीनदा काढली.
शिवाय छप्पर आहे. तिची औषधं आहेत.
पेन्शन येते एक तारखेला, न चुकता,
आणि वीस तारखेला
आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोलत नाही.

माझ्यासोबत केंग असतो, केंग मुआ,
एकोणीस वर्षांचा, कॉलेजची फी स्वतः भरणारा.
एकदा खोकी फोडताना म्हणाला,
"पेन्शन म्हणजे नक्की काय असतं?"
चेष्टा नव्हती. खरंच माहीत नव्हतं.
मी सांगितलं, माझ्या दर तासातले काही डॉलर
माझ्या हातात येण्याआधीच बाजूला पडायचे.
"कोण टाकायचं?"
मालक.
"आपणहून?"

मग मला पेपर मिलचं गेट सांगावं लागलं,
जानेवारीतले अकरा आठवडे, पिंपात जळणाऱ्या फळ्या,
सरोवरावरून येणारा वारा,
आणि आर्विड साल्मेलाची दोन बोटं, डाव्या पायाची,
जी आमच्यापैकी कुणाच्याच चेकवर
वेगळी दाखवलेली नाहीत.

केंगने भिंतीवरचा तक्ता दाखवला.
त्याच्या नावापुढे आठवड्याचे एकोणतीस.
तीस झाले तर विमा द्यावा लागतो.
माझे मी मोजतो, त्याचे दुसरं कोणी मोजतं.
दोघांनाही ताशी पंधरा.
मला परवडतात पंधरा.
मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणतो,
"डेलकडे बघा. कधी कुरकूर आहे?"
तेव्हा मी खिळ्यांच्या पेटीत बघतो.
आर्विड असता तर
असल्या माणसाला काय म्हणाला असता
ते मला माहीत आहे. मीही म्हणायचो.

गेल्या गुरुवारी मागच्या खोलीतला बॉयलर गळायला लागला.
मॅनेजर धावत आला, "डेल, तुझा तर हातखंडा,
पाच मिनिटांचं काम."
पाचच मिनिटांचं होतं. दारातूनच दिसत होतं,
कुठला नट, किती फेरे.
मी त्याला युनियन हॉलचा नंबर लिहून दिला.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जणू मी दुकानातून काही उचललं होतं.

दुपारी एक मुलगी आली, तिशीही नसेल,
हेल्मेटवर आमच्याच लोकलचा बिल्ला.
गुडघा टेकला, कान लावला, मगच पान्याला हात घातला.
शिकवलं होतं कोणीतरी नीट.
मी केंगला कोपराने ढोसलं.
जा, विचार तिला, तासाला किती.
आणि हातात न येणारे वर किती, तेही विचार.

तो गेला. तिने मान वर केली, काहीतरी बोलली,
बराच वेळ बोलली.
पंपाच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही.
मी सात नंबरला परतलो,
तिथे एक म्हातारा वॉशर उलटसुलट करून बघत होता.
बंडीच्या खिशात माझी मूठ
आपोआप वळत होती,
पाव फेरा, आणि आणखी जरासा.